पोटात दुखतं, पण रिपोर्ट नॉर्मल!

मुलाच्या पोटात वारंवार दुखतं आणि तपासणीत काही सापडत नाही, तेव्हा घरी दोनपैकी एक गोष्ट घडते. ‘शाळा बुडवायचं नाटक’ म्हणून मूल ओरडा खातं, नाहीतर डॉक्टर बदलत नव्या तपासण्या सुरू होतात. माझ्या मते दोन्हींत नुकसान मुलाचंच होतं.

ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ जॉन ॲप्ले यांनी १९५८ साली एक हजार शाळकरी मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. दर दहांपैकी साधारण एका मुलाला अशी वारंवार पोटदुखी होती आणि बहुतेकांत शारीरिक आजार सापडला नाही.

पण म्हणून दुखणं खोटं नसतं. आतडी आणि मेंदू नसांनी जोडलेले आहेत. परीक्षेच्या विचाराने मोठ्यांच्याही पोटात गोळा येतोच ना? या मुलांच्या आतड्यांच्या संवेदना जास्त तीव्र असतात. शाळेतली दादागिरी, अभ्यासाची धास्ती, घरातले वाद किंवा कुणाचं आजारपण यांनी त्या आणखी वाढतात.

इथे आई-वडिलांना दोष द्यायचा नाही. पण २००६ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग लक्षात ठेवण्यासारखा आहे. पालक दुखण्याची सारखी विचारपूस करू लागले, तेव्हा मुलांच्या तक्रारी जवळपास दुप्पट झाल्या. लक्ष दुसरीकडे वळवल्यावर त्या निम्म्यावर आल्या.

वजन घटणं, उंची न वाढणं, शौचातून रक्त, हिरवी उलटी, लांबलेला ताप, झोपेतून उठवणारं किंवा बेंबीपासून दूर एकाच जागी होणारं दुखणं, यांपैकी काही असेल तर मात्र नीट तपासणी हवीच. नसेल तर थांबायला शिका. सोनोग्राफीत दिसणाऱ्या लहान गाठी निरोगी मुलांतही असतात. केवळ तेवढ्यावरून टीबीची औषधं सुरू करू नयेत.

मुलाला सांगा, “तुझं दुखतं हे खरं आहे, पण धोक्याचं नाही.” शाळा चालू ठेवा. घरी राहिलंच, तर टीव्ही-मोबाइलची मेजवानी नको. दुखत नसतानाही त्याच्याशी गप्पा मारा. गरज पडल्यास समुपदेशकाची मदत घ्या, त्याचा उपयोग होतो.

“शाळेत, घरी कसं चाललंय?” हा प्रश्न सगळे रिपोर्ट संपल्यावर नव्हे, पहिल्याच भेटीत विचारला जावा. डॉक्टरांनी नाही विचारला, तर तुम्ही सांगा.