कार्नो चक्र आणि आज्ञांची आकृती



अकरावी-बारावीच्या मुलांनी ऊष्मागतिकीच्या आकृत्या संगणकावर आज्ञा लिहून काढाव्यात, असे आम्ही सुचविले. त्यावर काही पालक विचारतात की परीक्षेत पेन्सिलच चालते, मग हा खटाटोप कशाला? प्रश्न रास्त आहे.

वहीत मुले कार्नो चक्राचे चार बिंदू अंदाजाने मांडून वाकड्या रेघांनी जोडतात. आकृती गुटगुटीत दिसते, गुणही मिळतात. लाटेकमधील टिक्झला मात्र रेषा सूत्राने सांगता येते. समतापी रेषेवर दाब आणि आकारमान यांचा गुणाकार स्थिर. रुद्धोष्म रेषेवर आकारमानाला गॅमाचा घात द्यायचा. तीन बिंदू ठरले की चौथा ठरलेलाच असतो. तो मनाने ठेवला तर चक्र मिटत नाही, पडद्यावर फट दिसते.

हवेचा गॅमा १.४ धरा, तापमाने ६०० व ३०० केल्विन. कार्यक्षमता ५० टक्के, हे सर्वांना पाठ असते. पण रुद्धोष्म प्रसरणात तापमान निम्मे व्हायला आकारमान सुमारे ५.७ पट वाढावे लागते आणि दाब अकराव्या हिश्श्याच्याही खाली जातो. खरी आकृती लांबट, निमुळती येते. एवढा मोठा सिलिंडर आणि काम थोडे! कार्नोचे इंजिन बाजारात का दिसत नाही, याचे एक कारण इथे डोळ्यांनी दिसते. (खुद्द कार्नोच्या १८२४ च्या पुस्तकात हा आलेख नव्हता, तो क्लापेरॉनने १८३४ मध्ये काढला.)

खर्चाची चिंता विश्वस्तांनी करू नये. क्नुथ यांचे १९७८ चे टेक आणि त्यावरचे लाटेक दोन्ही विनामूल्य आहेत, जुन्या संगणकांवरही चालतात. झीटेकमुळे नावे देवनागरीत लिहिता येतात. आम्ही हिंदी माध्यमाचे पदवीधर. ‘रुद्धोष्म’ आम्हाला आधी कळले, ‘एडियाबॅटिक’ मागाहून.

एक अट मात्र आहे. कुणाचा तयार कोड उतरवून आकडे बदलणे, याला आम्ही आकृती म्हणणार नाही. चारही बिंदूंचे गणित आधी वहीत, हाताने. परीक्षेची पेन्सिलही त्यानेच सुधारेल.

कार्नो जमल्यावर डिझेल चक्र घेऊ. आपल्या धार जिल्ह्यातल्या पीथमपुरात ट्रक आणि त्यांची इंजिने बनतात, तेथे काम करणाऱ्या पालकांनी एखाद्या शनिवारी वर्गात यावे आणि मुलांची आकृती खऱ्या इंजिनापासून किती दूर आहे ते सांगावे.