काचेतल्या पेशी आणि घरातला रुग्ण

आपल्या औषधांच्या डब्यातील एखादी नवी गोळी माणसाच्या पोटात जाण्यापूर्वी बहुधा काचेच्या बशीत वाढवलेल्या पेशींवर तपासली गेलेली असते. शरीराबाहेर पेशी जगवण्याच्या या विद्येला ऊतिसंवर्धन म्हणतात. भारतात तिची पहिली प्रयोगशाळा उभारली ती डॉ. कमल रणदिवे यांनी.

८ नोव्हेंबर १९१७ रोजी पुण्यात त्यांचा जन्म झाला. कन्येने डॉक्टर व्हावे, ही वडिलांची इच्छा. तिचे मन मात्र जीवशास्त्रात रमले. मुंबईत डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली १९४९ मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळवली. पुढे अमेरिकेत त्यांनी ‘हेला’ पेशी वाढवणाऱ्या डॉ. जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत काम केले. मायदेशी परतल्यावर भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी हे काम रुजवले. स्तनाचा कर्करोग आणि आनुवंशिकता यांच्या संबंधावर, तसेच कुष्ठरोगाच्या जंतूवर त्यांनी संशोधन केले. १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले.

हे काम चिकाटीचे असते. पेशींना पोषक द्रव, सुमारे ३७ अंश उष्णता आणि कमालीची निर्जंतुकता लागते. त्यात औषध मिसळून कोणत्या पेशी मरतात, कोणत्या तगतात, हे पाहतात. परंतु त्या बशीत औषधाचे विघटन करणारे यकृत नसते, ते बाहेर टाकणारे मूत्रपिंड नसते. तेथे साध्या मिठाची मात्रा वाढवली, तरी पेशी मरतात! म्हणूनच काचेतील यशानंतर प्राण्यांवरील आणि मग माणसांवरील टप्प्याटप्प्याच्या चाचण्या येतात. त्या वाटेवर बहुतेक औषधे गळून पडतात.

हे आपण जाणून घेणे अगत्याचे आहे. देवगाव रंगारीहून छत्रपती संभाजीनगरला उपचारांच्या फेऱ्या घालून थकलेल्या कुटुंबाच्या मोबाइलवर ‘अमुक काढ्याने कर्करोगाच्या पेशी नष्ट होतात’ असा निरोप येतो आणि फेऱ्या थांबवण्याचा मोह होतो. अशा वेळी एवढेच विचारावे : हा प्रयोग पेशींवर झाला, प्राण्यांवर की माणसांवर? माणसांवर झाला असल्यास आपल्या रुग्णाच्या वयाच्या लोकांवर झाला का? उत्तर मिळेपर्यंत चालू उपचार सोडू नयेत. काढा घ्यायचाच असेल, तर आधी डॉक्टरांना सांगावे. उतारवयात यकृत आणि मूत्रपिंड यांची शक्ती मंदावलेली असते.

आनुवंशिकतेविषयीही एक गैरसमज दूर व्हायला हवा. आईला किंवा बहिणीला स्तनाचा कर्करोग झाला असल्यास धोका वाढतो; तो होईलच असे नाही. उलट, हा आजार झालेल्या बहुतेक स्त्रियांच्या घरात तसा इतिहास नसतो. म्हणून ‘आमच्या घराण्यात नाही’ किंवा ‘आता या वयात काय दाखवायचे’ असे म्हणून आजीबाईंनी गाठ लपवू नये. ती दुखत नसली, तरीही दाखवावी. सुनांनी, लेकींनी संकोच न करता विचारावे.

निवृत्तीनंतर कमलताई अकोले तालुक्यातील राजूर परिसरात आदिवासी स्त्रिया आणि मुले यांच्या पोषणासाठी राबल्या. सूक्ष्मदर्शकाखाली पेशी पाहणारी त्यांची नजर अखेर माणसाच्या ताटापर्यंत पोहोचली. आपल्या घरातील रुग्णाकडे पाहतानाही तीच नजर हवी : बारकाईची, आणि मायेचीही.