खापर संगणकावर, चूक मापाची

मुंब्रा असो, भिवंडी असो की मालेगाव, बाजारपेठेतून फेरफटका मारला की एखाद्या जिन्यापाशी ‘ऑटोकॅड शिका’ अशी पाटी हमखास दिसते. दहावी-बारावी झालेला किंवा आयटीआयचा दोन वर्षांचा ड्राफ्ट्समन (सिव्हिल) हा कोर्स केलेला मुलगा तीन महिने तेथे जातो आणि एखाद्या आर्किटेक्टच्या ऑफिसात लागतो. काही जण त्या जोरावर आखाताचा व्हिसाही मिळवतात. हातात हुन्नर येतो, हलाल रोजी मिळते, घराला आधार होतो. त्यात आनंदच आहे.

परंतु याच मुलांना आणि त्यांच्या मालकांना विचारून पाहा. तक्रारींचा पाढा सुरू होतो. फाइल उघडत नाही. प्रिंट चुकीची येते. अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हे दिसतात. भिंतीत हॅच भरत नाही. अर्धा दिवस त्यात जातो, साइटवर गवंडी खोळंबतो आणि अखेर सारे खापर संगणकावर फुटते. आमचे मत स्पष्ट आहे. यांतील बहुतेक तक्रारींत संगणकाचा दोष नसतो. क्लासमध्ये रेघ ओढायला शिकवले जाते, पण बिघडलेली रेघ ओळखायला शिकवले जात नाही, हे खरे दुखणे आहे.

मापापासूनच सुरुवात करू. ऑटोडेस्क कंपनीने 1982 च्या डिसेंबरात बाजारात आणलेला हा प्रोग्रॅम आज जगभर वापरला जातो, पण त्याला फूटही कळत नाही आणि मिलिमीटरही कळत नाही. आपण 900 लांबीची रेघ मारली की त्याच्या लेखी ती नुसती 900 असते. तिला मिलिमीटर म्हणायचे की इंच, हे ड्रॉइंग करणाऱ्याने ठरवायचे असते आणि ‘युनिट्स’ या कमांडमध्ये तशी नोंद करायची असते. आपल्याकडे घरमालक आणि ठेकेदार फूट-इंचात बोलतात, स्ट्रक्चरल इंजिनिअर मिलिमीटरमध्ये काम करतो आणि आखातात तर सगळा कारभारच मिलिमीटरचा. मग एका ऑफिसातला दरवाजाचा ब्लॉक दुसऱ्याच्या फाइलमध्ये आणला की तीन फुटांचा दरवाजा पंचाहत्तर फुटांचा होऊन बसतो. मुलगा घाबरतो. वास्तविक 900 मिलिमीटरला प्रोग्रॅमने 900 इंच समजले, एवढेच घडलेले असते. दोघांत 25.4 पटींचा फरक आहे.

यावर इलाज सोपा आहे. दोन्ही फाइलींचे युनिट तपासावे, चुकीची नोंद दुरुस्त करावी आणि मग ब्लॉक पुन्हा आणावा. दुसऱ्याची फाइल हाती आली की प्रथम ज्याची लांबी आपल्याला ठाऊक आहे अशी एखादी भिंत मोजून पाहावी, मगच पुढचे काम करावे. आमची मुले मात्र दरवाजा धरून नजरेच्या अंदाजाने लहान करतात. तो खिडकीशेजारी शोभून दिसतो, पण त्याचे माप 2 फूट 11 इंचही नसते आणि 3 फूटही नसते. येथून खरे नुकसान सुरू होते.

कारण अंदाजाने बसवलेल्या वस्तूचे डायमेन्शन टाकले की आकडा वेडावाकडा येतो. मालक ओरडेल या भीतीने मुलगा तो आकडा पुसून त्या जागी हाताने ‘10 फूट’ असे टाइप करतो. आता रेघ 9 फूट 8 इंचांची आणि तिच्यावरचा आकडा 10 फुटांचा. जुन्या काळी ट्रेसिंग पेपरवर शाईने काम करणारे ड्राफ्ट्समन चुकीची रेघ दाढीच्या ब्लेडने खरवडून काढीत. कागद उजेडात धरला की खरवडलेली जागा दिसे आणि साहेब विचारीत, येथे काय बदलले? संगणकावर असा ओरखडा उमटत नाही. आकडा स्वच्छ, टापटीप आणि खोटा असतो.

चार इंचांनी काय बिघडते असे कोणी म्हणेल. दहा बाय बाराच्या खोलीत दहा फुटांच्या बाजूला चार इंच कमी पडले, तर चार चौरस फूट गेले. चौरस फुटाला सहा हजार रुपये भाव धरला तर एका खोलीमागे चोवीस हजार रुपये झाले. ज्याने बायकोचे दागिने मोडून आणि भावाकडून हातउसने घेऊन ते घर घेतले, त्याच्या खिशातून ते गेले. 2016 च्या रेरा कायद्याने कार्पेट एरिया हेच विक्रीचे माप ठरवले आहे आणि तो आकडा शेवटी याच ड्रॉइंगमधून निघतो. मापात मारणाऱ्यांविषयी कुरआनात ‘मुतफ्फिफीन’ नावाची एक स्वतंत्र सूरह आहे, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. ती केवळ तराजूवाल्या दुकानदारासाठी आहे असे समजून आपण मोकळे होतो. नकाशावर आकडा लिहिणाऱ्याच्या हातीही माप असते, आणि ते माप ही अमानत असते.

खोटा आकडा शोधणे कठीण नाही. डायमेन्शन निवडून प्रॉपर्टीजच्या चौकटीत ‘टेक्स्ट ओव्हरराइड’ हा रकाना पाहावा. तेथे काही लिहिलेले असेल तर समजावे की आकडा हाताने घातलेला आहे. रकाना रिकामा केला की खरे माप परत येते. ज्या आर्किटेक्टच्या सहीने नकाशा जातो त्याने प्रिंट काढण्यापूर्वी पाच मिनिटे यासाठी द्यावीत. आम्ही तर म्हणू की नवीन मुलाला कामावर घेतानाच त्याला हा एक नियम सांगावा: आकडा चुकला तर रेघ दुरुस्त कर, आकडा नको.

मापाचा दुसरा घोटाळा छपाईत होतो. घाईत प्रिंट काढताना ‘फिट टू पेपर’ या चौकटीवर खूण राहून जाते. नकाशा कागदात छान मावतो, खाली ‘स्केल 1:100’ असे छापलेलेही असते, पण तो 1:100 उरलेला नसतो. साइटवरचा सुपरवायझर खिशातली स्केलपट्टी लावून माप काढतो आणि त्यावर लाइनआऊट देतो. म्हणून लेआउटमध्ये व्ह्यूपोर्टला स्केल देऊन तो लॉक करावा आणि प्रिंट एकास एक काढावी. स्क्रीनवर कॉलम दिसतात पण कागदावर उमटत नाहीत, अशीही एक तक्रार असते. तेव्हा ते कॉलम ‘डेफपॉइंट्स’ नावाच्या लेयरवर तर गेले नाहीत ना, ते पाहावे. तो लेयर प्रोग्रॅम स्वतःच्या सोयीसाठी बनवतो आणि तो छापला जात नाही. प्लॉटर दुरुस्त करणाऱ्याला बोलावण्यापूर्वी एवढे पाहिले तर त्याची फी वाचेल.

बाकीच्या किरकोळ कटकटी तर अक्षरशः एका आकड्याच्या असतात. फाइल उघडायला गेले की नेहमीची खिडकी न येता खाली नाव टाइप करायला सांगितले जाते. ‘फाइलडाया’ टाइप करून 1 द्यावा. एका वेळी एकच वस्तू निवडली जाते, दुसरी निवडली की पहिली सुटते. ‘पिकॲड’ला 2 द्यावा. मिरर केल्यावर अक्षरे उलटी होतात. ‘मिररटेक्स्ट’ 0 करावा. तुटक रेषा अखंड दिसत असतील तर ‘एलटीस्केल’ तपासावे. हॅच भरत नसेल तर बहुधा कोपऱ्यात दोन रेघा एकमेकींना भिडलेल्या नसतात, आणि ती फट बुजवणे हाच त्यावरचा इलाज. या फटीकडे दुर्लक्ष करू नये, कारण ऑनलाइन बांधकाम परवानगीच्या तपासणीतही प्लॉटची हद्द बंद पॉलिलाइन नसली की क्षेत्रफळ काढता येत नाही आणि प्रकरण परत येते.

विजेचे दुखणे मात्र आपल्या गावांचे आहे. इन्व्हर्टर दगा देतो आणि दुपारभराचे काम जाते. अशा वेळी संगणक सुरू होताच घाईघाईने जुनीच फाइल उघडून तिच्यावर सेव्ह करू नये. प्रोग्रॅम ठरावीक वेळाने, सहसा दर दहा मिनिटांनी, एक प्रत आपणहून ठेवत असतो. तिच्या नावाच्या शेवटी ‘एसव्ही’ आणि डॉलरचे चिन्ह असते. प्रोग्रॅम नीट बंद केला की ती पुसली जाते, पण वीज गेली तर ती राहते. शिवाय मूळ फाइलशेजारी ‘बॅक’ या शेपटाची एक फाइल असते. तीत शेवटच्या सेव्हच्या आधीची स्थिती असते. यांपैकी जी ताजी असेल तिची नक्कल दुसऱ्या फोल्डरमध्ये घ्यावी आणि शेपूट बदलून ‘डीडब्ल्यूजी’ करावे, ती उघडते. मूळ फाइलच बिघडली असेल तर ‘रिकव्हर’ आणि नंतर ‘ऑडिट’ या कमांड आहेत. फाइल विनाकारण जड झाली असेल तर ‘पर्ज’. हे ठाऊक नसल्याने रात्रभर बसून तोच नकाशा दुसऱ्यांदा काढणारी मुले आम्ही पाहिली आहेत, आणि मालकाने त्या रात्रीचा मोबदला दिल्याचे मात्र ऐकिवात नाही.

आपल्या ऑफिसातून फाइल बाहेर पाठवली की तिकडून फोन येतो: अक्षरे गेली, रेघांची जाडी गेली, अर्धा नकाशाच दिसत नाही. कारण फॉन्ट, रेघांची जाडी ठरवणारी सीटीबी फाइल आणि एक्सरेफने जोडलेले नकाशे आपल्याच संगणकावर राहिलेले असतात. ‘इट्रान्समिट’ ही कमांड हा सारा संसार एका पुडक्यात बांधून देते. मराठी मजकुराची एक वेगळी अडचण आहे. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टात मालकाचे नाव व सर्व्हे नंबर लिहिलेला असेल, तर तो फॉन्ट नसलेल्या ठिकाणी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. युनिकोडमध्ये लिहिल्यास ती खिचडी होत नाही. आणि समोरच्याकडे 2017 किंवा त्याआधीची आवृत्ती असेल तर 2018 च्या साच्यातली फाइल त्याच्याकडे उघडणारच नाही. सेव्ह करतानाच जुना साचा निवडून द्यावा.

आता जी गोष्ट बोलायला कोणी तयार नसते ती बोलू. आपल्या छोट्या ऑफिसांतून चोरीची प्रत सर्रास वापरली जाते. त्यावर उत्तर तयार असते: एवढे पैसे आणायचे कोठून? प्रश्न खोटा नाही. 2016 पासून ऑटोडेस्कने कायमच्या मालकीचे नवे परवाने विकणे बंद केले आणि तेव्हापासून वर्षाला भाडे भरत राहावे लागते. महिन्याला दोन-चार बंगल्यांचे प्लॅन काढणाऱ्याला ते जड जाते, आणि कंपनीने लहान व्यावसायिकाचा विचार केला नाही ही तक्रार आम्हालाही रास्त वाटते. पण म्हणून चोरी हलाल होत नाही. कायद्याची गोष्टही लहान नाही. कॉपीराइट कायद्याच्या कलम 63 ब नुसार चोरीचा प्रोग्रॅम जाणूनबुजून वापरणाऱ्यास सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपासून दोन लाखांपर्यंत दंड होऊ शकतो.

शिवाय ज्या कटकटींचे आपण रडगाणे गातो त्यांतील काही याच वाटेने घरात येतात. प्रतीचे कुलूप तोडणारा प्रोग्रॅम अनोळखी हातून येतो आणि तो चालवण्यासाठी अँटिव्हायरस बंद ठेवावा लागतो. एकदा दार उघडे राहिले की कोणीही आत येते. ‘एक्स्प्लोड’ टाइप केले आणि काहीच घडले नाही, असा अनुभव अनेकांना आहे. त्यामागे पुष्कळदा ‘एकॅड डॉट एलएसपी’ नावाची एक चिमुकली फाइल असते. पेनड्राइव्हवरच्या फोल्डरमधून ती नकाशासोबत येते आणि नकाशा उघडताच आपोआप चालू होते. 2012 मध्ये ईसेट या अँटिव्हायरस कंपनीने अशाच जातीचा एक किडा उजेडात आणला होता. त्याने प्रामुख्याने पेरू देशातल्या संगणकांवरून हजारो ड्रॉइंगे चोरून ईमेलने चीनमधल्या खात्यांवर पाठवली होती. पुढे 2014 च्या आवृत्तीत ऑटोकॅडने ‘सिक्युअरलोड’ ही राखण दिली. ती बंद करून ठेवू नये. ज्या फोल्डरमध्ये आपण स्वतः ठेवलेली नसताना ही फाइल दिसेल, तेथून ती काढून टाकावी.

भाडे परवडत नसेल तर झेडडब्ल्यूकॅड, ब्रिक्सकॅड यांसारखे दुसरे प्रोग्रॅम आहेत. ते डीडब्ल्यूजी फाइल उघडतात आणि त्यांच्या बऱ्याच कमांडही त्याच आहेत. अगदी साध्या दोन मितींच्या कामाला लिब्रेकॅड फुकट आहे, मात्र त्याची मदार डीएक्सएफ साच्यावर असल्याने दुसऱ्या ऑफिसाशी देवघेव करताना अडचण येते, हे ध्यानात ठेवून घ्यावे. शिकणाऱ्या मुलांना ऑटोडेस्क स्वतःच विनामूल्य परवाना देते, पण त्यावर धंद्याचे काम करता येत नाही. दोन-तीन ड्राफ्ट्समननी एकत्र येऊन एक ऑफिस थाटावे आणि खर्च वाटून घ्यावा, हाही मार्ग आहे. आपल्याकडे भागीदारीची रीत जुनी आहे, ती फक्त मटण आणि कापडाच्या दुकानांपुरती का राहावी, हे आम्हाला कळत नाही.

क्लास चालवणाऱ्या बांधवांना एक विनंती आहे. तीन महिन्यांतला शेवटचा आठवडा नवा बंगला काढण्यात घालवू नका. मुलांच्या हाती एक मुद्दाम बिघडवलेली फाइल द्या. युनिट चुकीचे, दोन डायमेन्शन खोटी, एक कोपरा उघडा, फॉन्ट गायब, कॉलम डेफपॉइंट्सवर. ज्याने ती दुरुस्त केली त्यालाच सर्टिफिकेट. आणि पालकांनी फी भरण्याआधी क्लासवाल्याला विचारावे की अशी फाइल तो देतो काय.