सामूहिक आरोग्यविमा आणि आपला रुग्ण

कारखान्यात वा कार्यालयात नोकरी करणारा रुग्ण हल्ली चिकित्सेस होकार देण्यापूर्वी एक प्रश्न हमखास विचारतो : “वैद्यराज, हे कंपनीच्या विम्यात बसते का?” या प्रश्नाने आपल्यापैकी काहींच्या कपाळाला आठ्या पडतात. वस्तुतः तो विचारणे हा रुग्णाचा अधिकार आहे आणि त्याचे उत्तर ठाऊक असणे हे आपले काम आहे.

सामूहिक विम्याची मूळ पॉलिसी मालकाकडे असते. कर्मचाऱ्याच्या हाती बहुधा एक कार्ड तेवढे येते. आयुष चिकित्सेच्या अटी त्याला कळतात त्या रुग्णालयात दाखल झाल्यावर. विमा नियामक प्राधिकरणाने जानेवारी २०२४ मध्ये आयुष चिकित्सेस अन्य चिकित्सांच्या बरोबरीने वागविण्याचे निर्देश विमा कंपन्यांना दिले. ते १ एप्रिल २०२४ पासून लागू झाले. त्याच वर्षी मे महिन्यातील मुख्य परिपत्रकाने कॅशलेस उपचारांच्या पूर्वमंजुरीचा निर्णय एका तासात आणि रुग्णास घरी सोडतानाची अंतिम मंजुरी तीन तासांत देण्याचे बंधन घातले. दावा नाकारायचा, तर पॉलिसीतील कोणत्या अटीमुळे, हेही कळवावे लागते.

नियम उत्तम आहेत; अडचण निराळीच आहे आणि ती स्पष्ट बोलायला हवी. गृध्रसीच्या रुग्णास सोळा बस्तींचा कालबस्ती योजला, तर रात्री रुग्णालयात राहण्याची गरज अनेकांना नसते. विम्याचे गणित मात्र मुख्यतः चोवीस तासांच्या निवासावर उभे आहे. मग कागदोपत्री निवास दाखविण्याचा मोह होतो आणि तो सर्वत्र आवरला जातोच असे नाही. ही रुग्णसेवा नव्हे. असा दावा उघडकीस आला की खऱ्या दाव्यांकडेही संशयाने पाहिले जाते आणि ज्याच्या नावावर तो केला, त्या नोकरदारास मालकासमोर खाली मान घालून उभे राहावे लागते. प्राधिकरणाच्या व्याख्यांत आयुष डे-केअर केंद्रास स्थान आहे. त्याचा आधार घेऊन कोणती कर्मे डे-केअरमध्ये ग्राह्य धरावीत, याची यादी संघटनेने विमा कंपन्यांकडे आग्रहाने मांडावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

आयुष रुग्णालयाच्या व्याख्येत किमान पाच खाटा, अहोरात्र जबाबदार वैद्य आणि दैनंदिन नोंदी अपेक्षित आहेत. पहिल्या दोन गोष्टी आपण कशाबशा सांभाळतो. तिसरीत गाडे अडते. बिलावर नुसते ‘पंचकर्म पॅकेज’ लिहिले, तर ते स्पामधील मर्दनासारखेच वाचले जाते आणि स्पातील उपचार विम्यातून वगळलेले आहेत. निदान, कर्माचे प्रयोजन, द्रव्य, मात्रा व प्रतिदिन लक्षणांतील फरक केसपेपरवर असलाच पाहिजे.

औषधी दुकानदारांनीही एक बाब ध्यानी घ्यावी. आयुर्वेदीय औषधांच्या किरकोळ विक्रीस परवाना लागत नाही, ही आपली सोय. पण चिठ्ठीविना मिळणारी पूरक द्रव्ये, रुग्णालयीन वा डे-केअर उपचारांचा भाग म्हणून वैद्याने लिहून दिलेली नसतील, तर विम्यातून वगळली जातात. तेव्हा बिलावर रुग्णाचे व वैद्याचे नाव, चिठ्ठीचा दिनांक आणि बॅच क्रमांक लिहावा. ‘आयुर्वेदिक औषधे’ एवढ्या दोन शब्दांवर कोणी पैसे का द्यावेत?

कधी कंपनीचा मनुष्यबळ विभाग रुग्णाच्या आजाराविषयी थेट आपल्याकडे विचारणा करतो. दाव्यासाठी आवश्यक माहिती, रुग्णाच्या संमतीने, विमा कंपनीस द्यावी, साहेबांना नव्हे. रुग्णाच्या घरची गोष्ट बाहेर नेऊ नये, हे चरकाने विमानस्थानात शिष्याला आरंभीच बजावले आहे.

दावा अन्यायाने नाकारला गेल्यास रुग्णाने प्रथम विमा कंपनीच्या तक्रार कक्षाकडे लेखी दाद मागावी. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा समाधान झाले नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येते. सामूहिक पॉलिसीच्या तक्रारीही तेथे चालतात, शुल्क नाही, वकील लागत नाही. मुंबई व पुणे येथे लोकपालांची कार्यालये आहेत. त्यांचे पत्ते प्रतीक्षाकक्षात लावून ठेवावेत.