चाकोरी आणि पाऊलवाट

'चाकोरी' हा शब्द हल्ली आपण बहुधा तुच्छतेनेच वापरतो. चाकोरीबद्ध आयुष्य, चाकोरीबाहेरचा विचार इत्यादी. मूळ शब्द मात्र निरुपद्रवी आहे. बैलगाड्यांच्या चाकांनी वाटेवर पडलेली खोल रेघ ती चाकोरी. एकदा चाक तिच्यात पडले की गाडीवानाला डुलकी लागली तरी गाडी घरी पोचते. पाऊलवाटेचे नशीब वेगळे. ती मराठी कवितेत सदैव लाडकी राहिली. पायाने पडलेली वाट सुंदर आणि चाकाने पडलेली वाट कंटाळवाणी, असा एक पक्षपात आपल्या भाषेने नकळत करून ठेवला आहे. इंग्लंडात सरे परगण्यातल्या टेकड्यांवर सायकल चालवू लागल्यावर माझ्या ध्यानात आले की हाच पक्षपात तिथे कायद्याने केलेला आहे. तो कितपत योग्य आहे, हा या लेखाचा विषय.

प्रथम प्रदेशाविषयी थोडेसे. इंग्लंडातील सर्वांत वनाच्छादित परगणा म्हणजे सरे. लंडनपासून तासा-दीड तासावर लीथ हिल, होम्बरी हिल, पिच हिल अशा टेकड्यांची रांग आहे. सह्याद्रीच्या मानाने ही चिमुकलीच. लीथ हिलची उंची २९४ मीटर, तरीही आग्नेय इंग्लंडातल्या सर्वांत उंच टेकड्यांत तिची गणना होते. वालुकामय माती, पाइन, ओक आणि बीचची झाडी, मधूनमधून हेदरचे माळ, आणि या सर्वांतून वळणे घेत जाणाऱ्या असंख्य अरुंद वाटा. पीस्लेक हे इथले छोटेसे गाव रविवारी सकाळी चिखलाने माखलेल्या सायकलींनी भरून जाते.

आता कायदा. इंग्लंड आणि वेल्समध्ये सार्वजनिक हक्काच्या वाटा सुमारे सव्वादोन लाख किलोमीटर आहेत, परंतु त्यांपैकी जेमतेम एक-पंचमांश वाटांवर सायकलस्वाराला जाण्याचा हक्क आहे. १९६८ च्या कंट्रीसाइड ॲक्टने त्याला घोडेवाटांवर प्रवेश दिला, तोही दोन अटींवर. त्याने पादचाऱ्यांना आणि घोडेस्वारांना वाट द्यावी. आणि त्याच्या सोयीसाठी वाट सुधारण्याचे बंधन कोणत्याही प्राधिकरणावर नाही. पुढे २००० साली माळराने आणि डोंगर लोकांना खुले करणारा कायदा आला, तोही केवळ पायी चालणाऱ्यांसाठी. परिणामी एकाच जंगलात, एकाच रुंदीच्या दोन वाटांपैकी एकीवर मी सन्माननीय नागरिक असतो आणि दुसरीवर अतिक्रमण करणारा. फरक वाटेच्या घडणीत नसतो. शंभर वर्षांपूर्वी तिथून घोडे जात होते की माणसे, एवढ्यावर तो ठरलेला असतो.

हे सारे मी अनेक वर्षे तावातावाने मांडत आलो. मग तीन वर्षांपूर्वी ऑक्टोबरात एक प्रसंग घडला. पाऊस नुकताच थांबला होता. एका घोडेवाटेच्या उतारावरून, म्हणजे पूर्णपणे माझ्या हक्काच्या वाटेवरून, मी वेगात येत होतो. वळणापलीकडे सत्तरीच्या एक बाई कुत्र्याला घेऊन उभ्या होत्या. मी ब्रेक दाबले. मागचे चाक घसरले, आणि सायकल त्यांच्यापासून हातभर अंतरावर आडवी झाली. लागले मलाच, तेही किरकोळ. त्या चिडल्या नाहीत. काठीवरचा त्यांचा हात मात्र थरथरत होता. मी माफी मागितली तेव्हा त्या एवढेच म्हणाल्या की ही वाट त्यांच्या नेहमीच्या फिरण्याची होती, आणि आता त्या पावसानंतर इकडे येणार नाहीत. माझ्या हक्काची किंमत कोण मोजत होते, ते मला त्या क्षणी कळले. मागे वळून पाहिले तर माझ्या घसरलेल्या चाकाने मातीत दोन-तीन मीटर लांबीची ओली खाच पाडली होती. चाकोरीच ती!

या प्रसंगानंतर मी कायद्याच्या बाजूचा झालो, असे वाचकांना वाटेल. तसे झाले नाही. मात्र प्रश्न मी चुकीच्या जागी विचारत होतो, हे उमगले.

वाट बिघडते कशाने? चाकाने, असे पादचारी सांगतात. घोड्यांच्या टापांनी, असे सायकलस्वार सांगतात. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या विल्सन आणि सेनी यांच्या मोंटाना येथील प्रयोगात वाटेवरची माती सर्वाधिक मोकळी केली ती घोड्यांनी. चाके आणि पावले यांत चाके अधिक दोषी ठरली नाहीत. अर्थात ब्रेक दाबून चाक घसरवत उतरणाऱ्याला या निष्कर्षामागे लपता येणार नाही. पण वाटेचा खरा शत्रू पाणी आहे. उताराच्या दिशेने सरळ खाली जाणारी वाट पहिल्याच हिवाळ्यात ओहोळ होते, मग तिच्यावरून कोणीही जावो. म्हणून जाणकार वाट डोंगराच्या कुशीतून आडवी नेतात. वाटेचा चढ डोंगराच्या उताराच्या निम्म्याहून अधिक ठेवत नाहीत. तिला दरीकडे किंचित कलती करतात आणि थोड्या थोड्या अंतरावर एक हलका उलटा चढ देतात, जेणेकरून पाणी वाटेबरोबर न धावता बाजूला निघून जाईल. महाराष्ट्रातल्या वाचकाला यात नवे काही वाटू नये. धावत्या पाण्याला चालायला लावा, चालत्याला थांबायला लावा, हे आपल्या पाणलोटाच्या कामांत गावोगाव सांगितले गेले आहे, आणि समतल चरांमागचे तत्त्व तेच आहे.

लीथ हिलच्या उतारावर लीथ हिल प्लेस नावाचे घर आहे. संगीतकार राल्फ व्हॉन विल्यम्स यांचे बालपण तिथे गेले. चार्ल्स डार्विन त्यांच्या आजीचा भाऊ. आपल्या या बहिणीकडे आला असता डार्विनने तिथल्या जमिनीत गांडुळांची निरीक्षणे केली. १८८१ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या शेवटच्या पुस्तकाचा विषयच तो आहे: वरची सुपीक माती गांडुळे किती सावकाश, वर्षामागून वर्षे, घडवत असतात. ज्या टेकडीवर हे पाहिले गेले, तिथेच ती माती मी एका क्षणात हातभर खरवडली होती. हक्काच्या भाषेत या नुकसानीसाठी शब्द नाही.

म्हणून मला स्कॉटलंडने २००३ साली केलेला कायदा अधिक शहाणपणाचा वाटतो. तिथे पायी, घोड्यावर वा सायकलवर, बहुतेक सर्व मोकळ्या जमिनीवर जाण्याचा हक्क आहे. परंतु तो जबाबदारीने वागणाऱ्यालाच आहे. हक्क वाहनाला नव्हे, वर्तनाला चिकटलेला आहे. यावर आक्षेप येतो की स्कॉटलंडात माणसे विरळ आहेत आणि सरेच्या दाराशी लंडन आहे. आक्षेप खरा आहे. पण गर्दी असेल तिथे वर्तनाचे नियम अधिक हवेत. ते इतिहासाच्या जुन्या नकाशावर सोडून कसे चालेल? पावसाने भिजलेली वाट काही दिवस सर्वांनाच बंद असावी. रातवा माळावर जमिनीवरच अंडी घालतो; त्या महिन्यांत माळाच्या वाटा सोडाव्यात. पुढचे दिसत नाही अशा वळणावर चाकाचा वेग पावलाइतका असावा. आणि जो वाट वापरतो त्याने वर्षातून काही दिवस हाती फावडे घ्यावे.

वेल्समधील कोएद-इ-ब्रेनिनच्या जंगलात १९९० च्या दशकात झाल्या तशा खास सायकलींसाठी बांधलेल्या वाटा हा दुसरा उपाय सांगितला जातो. त्या उत्तम आहेत, पण पुरेशा नाहीत. सायकलस्वाराला कुंपणात घातले की पादचाऱ्याशी नजरानजर होण्याचा, त्याला वाट देण्याचा, त्याच्याशी दोन शब्द बोलण्याचा प्रसंगच संपतो. सहवासाचे शिक्षण वेगळ्या आवारात मिळत नाही.

होम्बरी हिल ज्या हर्टवुडमध्ये आहे, ते रान खासगी मालकीचे असूनही १९२६ साली जमीनमालक रेजिनाल्ड ब्रे यांनी 'हवा आणि व्यायाम' यांसाठी लोकांना खुले केले. कोणी मागण्यापूर्वी दिलेल्या अशा देणगीचे ओझे घेणाऱ्यावर असते.

त्या बाई मला पुन्हा भेटल्या नाहीत. मी मात्र पावसानंतर त्या वाटेने जात नाही, आणि हिवाळ्यात एका शनिवारी चारजणांबरोबर तिथे पाण्याला बाजूला काढणारी दगडी बांधणी करून आलो. त्या दिवशी लक्षात आले की चाकोरी आणि पाऊलवाट यांत मुळात वैर नाही. दोन्ही आपल्या आधी गेलेल्यांनी पाडल्या आहेत. मागून येणाऱ्यासाठी त्या उरतील की नाही, एवढेच आपल्या हाती आहे.