कलांतर खोडू नका

‘या ध्वनीत एक जादुई थरथर आहे.’ हे वाक्य माझ्या नावावर छापून आलं आहे, आणि ते माझं नाही.

अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ साली डेव्हिड ट्यूडर यांनी मूग सिंथेसायझर उभारून दिला. गीता साराभाई, अतुल देसाई, जिनराज जोशीपुरा अशांनी त्यावर काम केलं. त्या फिती २०२३मध्ये पॉल पर्गस यांच्या खटपटीने ध्वनिमुद्रिका म्हणून बाहेर आल्या. या विषयावरच्या एका लेखाचा मी अनुवाद केला. त्यात एक अख्खा परिच्छेद होता : एकच ध्वनी दोन वाटांनी नेला तर काय होतं. संपादक म्हणाले, साहित्याच्या वाचकाला हे जड जाईल. शिवाय ‘कला’ या शब्दाने गोंधळ होईल. परिच्छेद गेला, थरथर आली.

‘कला’ मी घडवलेला शब्द नाही. रायपूरला हिंदी शाळेत, तरंगांच्या धड्यात तो मला भेटला; मराठी भौतिकशास्त्रातही तोच आहे. आंदोलन आपल्या फेऱ्यात कुठवर आलं आहे ते सांगणारा, चंद्राच्या कलेसारखाच. दोन तरंगांच्या कलांमधला फरक म्हणजे कलांतर. घरची भाषा आणि शाळेची भाषा एका शब्दावर क्वचितच इतक्या बिनबोभाट भेटतात!

आता तो ‘जड’ परिच्छेद. मॉड्युलर सिंथेसायझर म्हणजे सुटे कप्पे आणि त्यांना जोडणाऱ्या तारा. एक संकेत दोन तारांत वाटायचा. एक तार थेट मिक्सरला, दुसरी फेज शिफ्टरमधून. शिफ्टरमधली गाळणी नावापुरती. ती काहीच गाळत नाही. सगळ्या कंप्रता सारख्याच जोराने पुढे सोडते, फक्त प्रत्येकीची कला कमीजास्त सरकवते. सूर स्थिर असेल तर ही तार एकटी ऐकून कानाला काही कळणार नाही. दोन्ही तारा मिसळल्या, की जिथे कलांतर १८० अंशांचं, तिथल्या कंप्रता एकमेकींना खाऊन टाकतात. चार टप्प्यांच्या शिफ्टरने अशा दोन खाचा पडतात. त्या सावकाश वरखाली सरकवल्या, की ध्वनी पोकळ होतो, वळतो, भरून येतो. यात जादू नेमकी कुठे आहे?

आणि वाचकाला हे नवीन तरी आहे का? आमच्याकडे वडील रात्री रेडिओ सिलोन लावत. शॉर्टवेव्हच्या लहरी आयनांबरावरून परतून, वेगवेगळ्या लांबीच्या वाटांनी आमच्या अंगणात पोचत आणि तिथे एकमेकींशी भांडत. गाणं मध्येच पोकळ व्हायचं, बुडायचं, पुन्हा वर यायचं. फर्माइशींसाठी गाजलेल्या भाटापाऱ्यातल्या श्रोत्यांनी हेच ऐकलं असणार. कलांतर त्यांच्या कानात होतं, शब्द तेवढा नव्हता. तो देणं हे माझं काम होतं.

‘हे तर आमच्या तंबोऱ्यात आहेच’ हेही मला पुरत नाही. जोडाच्या दोन तारांत केसभर फरक राहतो हे खरं. एक २२० वेळा आंदोलते आणि दुसरी २२०.५ वेळा, तर कलांतर दर दोन सेकंदांनी पूर्ण फेरी मारतं. पण मिरजेचं नाव घेऊन विषय मिटवणं हीसुद्धा न ऐकण्याचीच एक रीत आहे. तंबोऱ्यात तो फरक जुळवणाऱ्याच्या कानाने ठरतो. फेज शिफ्टरमध्ये तो किती, किती वेगाने आणि कशाच्या तालावर बदलायचा, हे रचनेतच लिहिता येतं.

यमाताराजभानसलगा घोकलेल्या वाचकाला आपण जड म्हणून काही नाकारत नाही. वृत्त चुकलं तर कवीला सोडत नाही. मग यंत्राचा ध्वनी आला, की एकदम ‘गूढ’, ‘अवकाशी’, ‘जादुई’ का सुचतं?

‘कला’ नको असेल तर ‘फेज’ लिहा, माझी हरकत नाही. मला तो परिच्छेद परत हवा आहे.