खोलीत कोण बसले आहे?

दिवाळीच्या फराळाला चार माणसे जमली, की चकलीचे कौतुक आटोपताच जो विषय निघतो तो टेलिव्हिजनचा. "काय हो हे हल्लीचे विनोद! सुनेसमोर बसून पाहण्याची सोय उरली नाही," असे एक सद्गृहस्थ म्हणतात आणि बाकीचे माना डोलावतात. मी मात्र डोलावत नाही. कारण याच सद्गृहस्थांनी १९९४ साली दूरदर्शनवरची 'श्रीमान श्रीमती' सहकुटुंब, जेवणाची ताटे पुढे घेऊन पाहिलेली मला ठाऊक आहे. त्या मालिकेचा सारा डोलारा कशावर उभा होता? दोन शेजारी, आणि दोघांचाही डोळा एकमेकांच्या बायकोवर! रीमा लागू होत्या, जतीन कनाकिया होते. आपण पोट धरधरून हसलो. पुढे २०१५ साली त्याच साच्यातून 'भाबीजी घर पर हैं' निघाली, तेव्हा हीच मंडळी म्हणू लागली की संस्कृती बुडाली. बुडायचीच होती तर ती एकवीस वर्षे आधीच बुडावयास हवी होती!

तेव्हा चावटपणा वाढला की घटला, हा हिशेब मी सोडून देतो. मला बदल दिसतो तो निराळाच. कोणाला हसावयाचे आणि कोणाच्या देखत हसावयाचे, हे बदलले आहे.

मी निजामपुऱ्यातला. वडील एका यंत्रमागाच्या कारखान्यात मेहताजी होते. आमच्या गल्लीत रात्रंदिवस मागांची खडखड चाले. शुक्रवारी माग बंद, म्हणून शुक्रवारी रात्रीच काय ते टेलिव्हिजनवरचे बोलणे धड ऐकू येई. आणि १९८४ साली सुरू झालेली 'ये जो है जिंदगी' लागे तीही शुक्रवारीच. संच आमच्या घरी. त्यामुळे शेजारचे मोमीन चाचा, चाची आणि त्यांची पाच मुले, समोरच्या तेलंगणातल्या पद्मशाली मामी, उत्तर प्रदेशातले दोन-तीन कारागीर, असा सगळा मेळा आमच्या एका खोलीत मावत असे. कसा मावे ते विचारू नका.

त्याच वर्षी मे महिन्यात गावात दंगल होऊन गेली होती. तिचे वर्णन मी येथे करीत नाही. एवढेच सांगतो, की नंतर कित्येक आठवडे आमची खोली रिकामी राहिली, आणि पुढे या नव्या मालिकेच्या निमित्ताने चाची प्रथम उंबरठा ओलांडून आत आल्या, तेव्हा आईने संच लावण्यापूर्वी चहाचे आधण ठेवले.

या मालिकेत सतीश शाह नवनवे सोंग घेऊन येत आणि त्यांच्या बोलण्याच्या ढबीवर हशा पिके. आमच्या खोलीत त्या हशाची एक रीत पडून गेली होती. पडद्यावर दक्षिणी ढंगाचे हिंदी आले, की सर्वांची नजर अर्धा क्षण मामींकडे जाई. मामी हसल्या, की खोली हसे. आणि त्या तर सर्वांत मोठ्याने हसत. मराठी हेल निघाला की चाचा माझ्या वडिलांकडे पाहत. ही आमची सेन्सॉर कचेरी! तिला ना कायदा होता, ना शिक्का.

१९९३ साली 'जबान संभालके' आली, तेव्हा या कचेरीची परीक्षाच होती. पंकज कपूर हिंदीचे मास्तर, वर्गात देशोदेशींचे आणि प्रांतोप्रांतीचे विद्यार्थी, आणि विनोद सारा त्यांच्या मोडक्यातोडक्या हिंदीवर. मूळ मालिका इंग्लंडातली. ती तिकडे १९७९ साली बंद केली, ती परक्यांची टिंगल फार होते म्हणून. आमच्याकडे तिची नक्कल आली ती नेमकी मुंबई जळून गेल्यानंतर. त्या डिसेंबर-जानेवारीत भिवंडी मात्र शांत राहिली होती. पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी आधीपासून उभ्या केलेल्या मोहल्ला कमिट्यांचे ते यश, असे सर्वच सांगतात आणि मलाही ते पटते. कारण त्या कमिट्यांतही शेवटी हेच होते की एकाने दुसऱ्याच्या शेजारी नियमाने बसावयाचे. मालिका पाहून चाचा म्हणाले, "सबकी टोपी उछाली है, फिर ठीक है." आमच्या खोलीचा कायदा तो एवढाच.

पण वाचकहो, या कायद्याची दुसरी बाजूही मी पाहिली आहे. गल्लीत कांड्या भरणारा एक पोरगा होता. बोलताना अडखळे. तो दाराशी बसून टेलिव्हिजन पाही. एका मालिकेत (नाव सांगत नाही) अडखळत बोलणारे पात्र आले आणि खोलीतली सगळी पोरे वळून त्याच्याकडे पाहू लागली. तोही हसला. पुढच्या शुक्रवारी तो ओट्यावर, संचाकडे पाठ करून बसलेला होता. ढबीवर हसताना मामींना सोबत होती. तिथे पाचजणांच्या पाच ढबी होत्या. अडखळणारा तो एकटाच. जाड बाई, काळी मुलगी, बहिरा म्हातारा, यांच्यावर तेव्हाच्या मालिका बिनदिक्कत हसत, आणि या मंडळींनी उठून घरी जाण्यापलीकडे काय करावे?

म्हणूनच "हल्ली लोकांना विनोद सहन होत नाही" ही तक्रार मला पुरती पटत नाही. सहन तेव्हाही होत नव्हते. आता सांगता येते, इतकेच. २०११ पासून वाहिन्यांनीच नेमलेली तक्रार परिषद आहे, आणि ती नसती तरी मोबाइल आहे. हिंदी मालिकेतली भांडी घासणारी बाई मराठी हेलातच बोलते, यावर आपण मराठी माणसांनी केवढा गहजब केला! तो रास्तच होता. पण जाड्या नटीवरच्या कोट्यांना टाळ्या देताना आपल्याला तो आठवत नाही. आमच्या चिं. वि. जोशांचा चिमणराव १९७०च्या दशकाअखेर दिलीप प्रभावळकरांनी पडद्यावर आणला. तो आजही शिळा होत नाही, याचे कारण त्यातली फजिती चिमणरावाची स्वतःची आहे. पुढे टिपऱ्यांच्या घरातही तेच होते.

मला खरी चिंता मोबाइलची वाटते. पूर्वी जे पाचजणांच्या नजरेखालून जाई ते आता प्रत्येकजण कानात बोंडे घालून एकटा पाहतो. कुणाची जात, कुणाचा धर्म, कुणाची बायको, सगळे त्या चार इंचांत निर्धास्त चालते. समोर मामी नाहीत, चाचा नाहीत. आणि त्याच मोबाइलवर हजार कोसांवरचा कोणी अनोळखी माणूस एका वाक्यासाठी नटाला फाडून खातो. दोन्ही ठिकाणी समोरचे तोंड दिसत नाही.

चाचा गेले, मामी मुलाकडे राहावयास गेल्या. २०२१ साली 'वागले की दुनिया' पुन्हा आली. १९८८ साली वागले दांपत्य झालेले अंजन श्रीवास्तव आणि भारती आचरेकर या वेळी आजी-आजोबा होऊन आले होते. आम्ही ती खोलीत बसून पाहत असू. चाचांच्या नातवाकडे ती मोबाइलवर चाले. आमच्याकडे हशा झाला, की भिंतीपलीकडे तोच हशा जरा उशिराने ऐकू येई.